‘काही होत नाही हो’: रेंजवर आणि बंदुकीच्या दुकानात ऐकू येणारे धोकादायक सल्ले

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांच्या मुलीने बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल शिकायला सुरुवात केली आहे. त्याच सुमारास त्यांचे सासरे वारले आणि त्यांची जुनी दुनळी बाराबोर, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, घरात राहिली. दुकानदार, रेंजवरचे जुने नेमबाज आणि गावाकडचे नातेवाईक यांनी या दोन्ही गोष्टींबद्दल भरभरून सल्ले दिले, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना. यातलं खरं किती, असं त्यांनी विचारलं आहे.

मी प्रशिक्षक म्हणून आणि रेंज ऑफिसर म्हणून काम करतो, शिवाय बंदुकांची दुरुस्तीही करतो. चुकीची माहिती रोज कानावर पडते. त्यातली काही निरुपद्रवी असते, ती ऐकून फार तर पैसे वाया जातात. पण काही सल्ले असे असतात की ते एखादी तपासणी किंवा एखादी सावधगिरी सोडून द्यायला सांगतात. ‘बघायची गरज नाही’, ‘एवढं चालतं’, ‘मी कायम असंच करतो, काही होत नाही’. सांगणाऱ्याचं वय आणि आवाजातला ठामपणा यामुळे नवा माणूस ते निमूट ऐकतो. माणसं जखमी होतात ती याच दुसऱ्या प्रकारातून, म्हणून उत्तराचा बराच भाग मी त्यालाच देतो आहे.

सगळ्यात आधी ‘रिकामी आहे’ हे वाक्य. मॅगझीन (काडतुसांचा कप्पा) काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असं सांगणारे दुकानातही भेटतात. मॅगझीन काढली तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, चढलेलं काडतूस तिथेच असतं आणि बहुतेक पिस्तुलांत चाप ओढला की ते उडतं. बोल्ट किंवा स्लाइड (बंदुकीचा मागे सरकणारा भाग) मागे ओढायची, चेंबर डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. दुसऱ्याने आत्ताच तपासून हातात दिली असली तरी आपण पुन्हा तपासायचं. यात कुणाचा अपमान नसतो. ‘सेफ्टी लावली आहे’ याही वाक्याला तेवढंच महत्त्व द्यायचं. सेफ्टी हा चाप अडवणारा लोखंडाचा एक छोटा तुकडा आहे, तो झिजतो आणि अडकतो. स्पर्धेच्या रेंजवर चेंबरमध्ये भडक रंगाचा फ्लॅग घालणं सक्तीचं असतं ते याचसाठी. फ्लॅग आत असेल तर चेंबरमध्ये काही नाही हे लांबूनही दिसतं.

आता तुमच्या सासऱ्यांच्या बंदुकीकडे येतो, कारण तिच्याबद्दल तुम्हाला मिळालेला ‘बाराबोरचं कुठलंही काडतूस बाराबोरमध्ये चालतं’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो.

जुन्या विलायती दुनळ्या आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत. त्यातल्या अनेकींचं चेंबर 65 मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची असतं. आजची बरीचशी काडतुसं 70 मिलिमीटरची, पावणेतीन इंची असतात. गंमत अशी की 70चं काडतूस 65च्या चेंबरमध्ये अगदी सहज बसतं. कारण काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतर, तोंड उलगडल्यावरची असते. न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं. बंदूक नीट बंद होते आणि माणसाला वाटतं, बसलं म्हणजे चालतं. बार उडताना मात्र ते तोंड उलगडायला पुढे जागा नसते, ते नळीच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. शिवाय नव्या काडतुसाची दारू मुळातच जास्त दाबाची असू शकते. त्यात नळी डमॅस्कस असेल, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली, अंगावर लाटांसारखी नक्षी दिसणारी, तर ती काळ्या दारूच्या काळातली समजा. वरून कितीही चकचकीत दिसली तरी आतल्या जोडांत गंज शिरलेला असू शकतो. अशी बंदूक जाणकार गनस्मिथने चेंबर मोजून, नळ्या आतून बघून, भिंतीची जाडी तपासून दिल्याशिवाय तिच्यातून एकही बार काढू नका. चेंबरची लांबी आणि प्रूफचे (नळी दाब सोसते हे तपासल्याचे) शिक्के नळ्यांच्या खालच्या अंगाला, दस्त्यापासून नळी सोडवल्यावर दिसतात.

त्याच कुळातला दुसरा अपघात. 20 बोरचं काडतूस 12 बोरपेक्षा बारीक असतं. ते 12 बोरच्या नळीत टाकलं तर चेंबरमधून घसरून थोडं पुढे जाऊन अडकतं. माणसाला वाटतं, टाकलंच नाही. तो वरून 12 बोरचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फाटते, आणि ती जिथे फाटते तिथेच डावा हात असतो. 20 बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती ही गल्लत टळावी म्हणून. एका डब्यात दोन्ही बोरची काडतुसं ठेवणाऱ्या घराला मी दुसरा डबा आणायला लावतो.

‘.32 म्हणजे .32’ हाही दुकानातला गोंधळ. आपल्याकडच्या सरकारी कारखान्याच्या .32 रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं आणि .32 पिस्तुलाचं आखूड असतं. दोन्ही वेगळी आहेत. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसतंसुद्धा, पण बसणं आणि चालणं यात फरक आहे. नळीवर काय कोरलंय ते वाचायचं, डब्यावर काय छापलंय ते वाचायचं, दोन्ही अक्षरशः जुळलं तरच भरायचं.

जुन्या काडतुसांबद्दल ‘पितळ आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणतात. पुण्याला तर काडतुसांची चांगली ओळख आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869चा, आणि काडतुसांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं म्हणजे किर्की फॅक्टरी. पण चांगल्या कारखान्याचा मालही मुळशी-वेल्ह्याच्या पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडला तर दमट होतो. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) दगा देतो किंवा दारू अर्धवट जळते. यातून दोन प्रसंग उद्भवतात आणि दोन्हींत चुकीचा सल्ला जीवघेणा ठरतो.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर लोक लगेच बंदूक उघडून बघायला सांगतात. तसं करायचं नाही. दारू उशिरा पेट घेऊ शकते. नळी निशाण्याच्याच दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, मग काडतूस काढायचं. दुसरा प्रसंग: आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का कमी बसला. यावर ‘पुढची गोळी मार, मोकळी होईल’ असं सांगणारा माणूस मी रेंजवर स्वतः थांबवला आहे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फुटते. तिथेच थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळी आरपार दिसते का ते बघायचं. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, हेही खरं नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण साचले तरी सिलिंडर घट्ट होतो.

मुलीसाठी एअर रायफल घ्यायला गेलात तेव्हा ‘बाराशे फूट वेग’ असं सांगून एक बंदूक दाखवली, असं तुम्ही लिहिलंय. गणित करून बघा. सेकंदाला 1200 फूट म्हणजे साधारण 366 मीटर. नेहमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त, 0.53 ग्रॅमच्या आसपास. त्याची ऊर्जा 35 जूल होते. आपल्याकडे परवान्याशिवाय चालणाऱ्या एअरगनची मर्यादा 20 जूल आणि 4.5 मिलिमीटर अशी आहे. म्हणजे एकतर तो आकडा फक्त एखाद्या फारच हलक्या छर्ऱ्याचा असणार, किंवा तो खोटा आहे, किंवा ती बंदूक परवान्याशिवाय ठेवताच येणार नाही. आणि एवढा वेग हवा आहे कुणाला? आवाजाच्या वेगाजवळ, सेकंदाला 340 मीटरच्या आसपास, छर्रा डळमळतो आणि नेम बिघडतो. ऑलिंपिकची दहा मीटर रायफल सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगाने छर्रा सोडते, साधारण आठ जूल. नेम वेगात नसतो.

मात्र ‘परवाना लागत नाही म्हणजे खेळणंच’ या समजुतीला मुलीच्या आसपास थारा देऊ नका. आठ जूलचा छर्रा डोळा कायमचा घालवतो. स्प्रिंगवाल्या एअरगनने लहान मुलांचे प्राण गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. आणि .22 रायफलीला ‘टिकली’ म्हणून हिणवणाऱ्यांनी तिच्या काडतुसाच्या डब्यावरचा इशारा वाचावा. ती गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून उसळते.

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये ‘दोन थेंब तेल टाका, पॉवर वाढेल’ हा तर फारच जुना सल्ला. आवाज मोठा येतो हे खरं. दाबल्या गेलेल्या गरम हवेत तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं. प्रत्येक वेळी वेग वेगळा मिळतो, सील जळतं, स्प्रिंग तुटते. पण याहून कितीतरी धोकादायक सल्ला म्हणजे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीत ‘हवा मिळत नसेल तर ऑक्सिजन भरून आणा’. दोनशे ‘बार’ (हे दाबाचं एकक) इतक्या दाबाचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक डाग पुरेसा आहे, सिलिंडर हातात फुटतो. फक्त स्वच्छ, कोरडी हवा भरायची. सिलिंडरवर तारीख असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तो दहा वर्षांच्या आतला असावा लागतो आणि ती जबाबदारी खेळाडूची असते. सेकंडहँड रायफल घेताना आधी ती तारीख बघा, मग किंमत विचारा.

‘रिकामा चाप ओढला की बंदूक खराब होते’ यात अर्धं सत्य आहे. स्प्रिंगची एअरगन छर्ऱ्याशिवाय उडवू नये, पिस्टन आपटतो. बऱ्याच .22 बंदुकांत फायरिंग पिन (काडतुसाला ठोकणारी सळई) चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून तिथे डमी काडतूस वापरावं. मॅच एअर रायफलीत मात्र ड्राय फायरसाठी, म्हणजे छर्ऱ्याशिवाय चाप ओढायच्या सरावासाठी, वेगळी सोय असते आणि मुलीने ती भरपूर वापरावी. नेमबाजीचा मोठा भाग छर्ऱ्याशिवायच शिकला जातो.

कान आणि शिसं या दोन गोष्टींबद्दल मी रेंजवर आवाज चढवूनसुद्धा बोलतो. ‘सवय झाली की कान तयार होतात’ असं जुने नेमबाज सांगतात. कान तयार होत नाहीत, ते बधिर होतात. आतल्या केसपेशी मेल्या की परत उगवत नाहीत. .22 रायफलीचा बार 140 डेसिबलच्या घरात असतो, बाराबोरचा 150च्या वर जातो आणि बंद रेंजमध्ये भिंतींवरून परत येणारा आवाज त्यात भर घालतो. कापसाचा बोळा नगण्य काम करतो. फोमचा प्लग पिळून, कान वर ओढून आतपर्यंत बसवायचा आणि त्यावर इअरमफ घालायचा. शेजारच्या लेनवर कुणी बार काढत असेल तर नुसत्या बघणाऱ्यानेही घालायचा.

शिशाबद्दल ‘गूळ खा, दूध प्या, निघून जातं’ असं सांगतात. कारखान्यांत कामगारांना गूळ-दूध द्यायची जुनी पद्धत आहे, तिथून हे आलं असावं. शरीरात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून मुलांचं खाणंपिणं नीट हवंच. पण आत गेलेलं शिसं दुधाने धुऊन निघत नाही. ते आत जाऊच नये यासाठी रेंजवर काही खायचं नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत (ही सवय मी अजून बघतो), संपल्यावर साबणाने हात आणि तोंड धुवायचं. .22च्या रेंजवर तर प्रायमरच्या धुरातूनही शिसं येतं, तिथे कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. घरात लहान भावंडं असतील तर रेंजचे कपडे वेगळे टाका.

सिनेमातून आलेल्या समजुती लवकर उरकतो. बाराबोरच्या बाराने माणूस मागे उडत नाही. 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने 70 किलोच्या माणसाला लागले तरी त्या संवेगाने त्याला सेकंदाला जेमतेम 18 सेंटिमीटरचा वेग मिळेल. उडवणाऱ्याच्या खांद्यालाही साधारण तेवढाच धक्का बसतो आणि तो उभाच असतो. ‘छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही’ हेही तसंच. खोलीच्या अंतरावर, पाचेक मीटरवर, छर्रे वीतभरसुद्धा पसरत नाहीत. गोळी नळीतून सुटल्यावर आधी वर चढते असं शिकवणारे भेटतात. गोळी सुटल्या क्षणापासून खालीच पडत असते, नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर तोंड करून बसवलेली असते एवढंच. दहा मीटरवर पोहोचेपर्यंत छर्रा पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो आणि लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साइट (नेम धरायची खूण) लावणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांवरून मुलीला समजावता येईल.

आता कायदा. इथे नातेवाइकांचे सल्ले सगळ्यात जास्त महागात पडतात. ‘सासऱ्यांची आहे, म्हणजे घरचीच’ हे चूक. परवाना माणसाच्या नावावर असतो आणि त्याच्याबरोबर संपतो. 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ती बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा. अर्ज कुणाकडे? पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडला 2018पासून तिथले स्वतंत्र आयुक्त, आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी. ‘दोन बंदुका असल्या तरी वारसाची म्हणून तिसरी चालते’ असं कुणी म्हणालं तर 2019च्या दुरुस्तीने एका माणसाला कमाल दोन अशी मर्यादा घातली आहे आणि ती वारसाच्या शस्त्रालाही लागू आहे. वाड्याच्या भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक उडू शकत असेल, तर ती शोभेची आहे असं सांगून सुटका होत नाही.

‘घरात शिरलेल्या चोराला गोळी घातली तर कुणी काही करू शकत नाही’ हे फार आत्मविश्वासाने सांगितलं जातं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी संरक्षणाबद्दल आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कुठेच दिलेला नाही. जीव जाण्याचा किंवा गंभीर दुखापत होण्याचा धोका होता का, हे नंतर तपासलं जातं. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे संरक्षण नव्हे. ‘मग पायावर मारायची’ असा सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की मांडीतली मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो, आणि घाबरलेल्या हाताने अंधारात पाय सापडत नाही. ‘दारात पडला तर आत ओढून घ्या’ हा सल्ला पाळणं म्हणजे पुरावा बिघडवणं, तो स्वतंत्र गुन्हा आहे. वरातीत हवेत बार काढणं याला त्याच 2019च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि शेतीच्या रक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराच्या बाबतीत 1972चा वन्यजीव कायदा वेगळा लागतो, आधी वनखात्याची परवानगी.

राहिली मुलगी. ‘चष्मा आहे, तिचं काही होणार नाही’ हे ऐकून ती रडली, असं तुम्ही लिहिलंय. चष्मा लावणारे नेमबाज जगभर आहेत. नेमबाजीची खास फ्रेम मिळते, तिच्यात तिच्या नंबरची काच बसते, फक्त काच डोळ्याच्या रेषेला सरळ यायला हवी. ‘हा खेळ श्रीमंतांचा आणि फौजी घराण्यांचा’ म्हणणाऱ्यांना स्वप्नील कुसाळे सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला, बालेवाडीच्याच रेंजवर घडलेला, आणि 2024ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) 451.4 गुणांनी कांस्यपदक घेणारा. रायफल महाग आहे हे खरंच. म्हणून सुरुवातीला क्लबची वापरा, पहिल्या वर्षी विकत घेऊच नका.

‘हात अजिबात हलता कामा नये’ असं तिला सांगितलं जातंय. सगळ्यांचाच हात हलतो. शिकायचं असतं ते हलणं लहान करणं आणि त्या हलण्यातच चाप हळू दाबणं. ठिपका मधोमध आला की झटकन ओढायला शिकलेली मुलं पुढे फार त्रास काढतात. ‘श्वास रोखून धर’ यालाही मर्यादा आहे. सहा-आठ सेकंदांनंतर नजर धूसर व्हायला लागते, तेव्हा रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. बार न काढता रायफल खाली घेणाऱ्या मुलीचं मी रेंजवर कौतुक करतो. आणि डावा डोळा घट्ट मिटायला सांगतात, तो सल्ला आजच थांबवा. एक डोळा आवळला की दुसऱ्यावरही ताण येतो, चेहरा ताठरतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्यासमोर ब्लाइंडर (डोळा झाकणारा छोटा तुकडा) लावायचा. तो काळा नको, दुधी हवा, म्हणजे दोन्ही डोळ्यांत उजेड सारखा जाईल. सध्या दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण कापून लावलं तरी काम होतं.